रस्त्यातला टायरचा पट्टा उचला, आणि फेकून देण्याआधी तो वाचा

प्रति,
राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, सार्वजनिक बांधकाम विभाग, ठाणे व नवी मुंबई महानगरपालिका, सिडको, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, दोन्ही शहरांचे वाहतूक पोलीस, आणि ठाणे, वाशी व पनवेलची परिवहन कार्यालये

विषय : अवजड वाहनांच्या टायरचे रस्त्यावर पडून राहणारे तुकडे

महोदय,

मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली सर्कल, गव्हाण फाटा, घोडबंदर रोडचा गायमुख घाट, खारेगाव, माणकोली. यातल्या कुठल्याही ठिकाणी पहाटे पाचला जाऊन बघा. दुभाजकाच्या कडेला किंवा डाव्या लेनच्या टोकाला काळा, वळलेला, मेलेल्या अजगरासारखा एक पट्टा पडलेला दिसेल. ट्रकच्या १०.००-२० मापाच्या टायरची पूर्ण साल निघाली तर ती तीन मीटरहून लांब, वीतभर रुंद आणि साधारण दहा-बारा किलो वजनाची भरते. एक बाजू नक्षीची. दुसऱ्या बाजूला नायलॉनचे धागे नाहीतर पोलादी तारांची दाढी. रेडियल, म्हणजे आत पोलादी तारा असलेल्या टायरच्या या तारा दाभणासारख्या ताठ असतात आणि सुती हातमोज्यातून थेट तळव्यात शिरतात.

आम्ही कळंबोली, तुर्भे आणि भिवंडी परिसरात टायर बसवणारे, रिट्रेड करणारे (झिजलेल्या टायरवर नवा थर चढवणारे) आणि वाहतूकदारांच्या ताफ्यांचे टायर सांभाळणारे कारागीर आहोत. आमची मागणी दोन शब्दांत सांगता येते : हा पट्टा उचला आणि वाचा. आज यातलं एकच काम होतं आणि तेही अर्धं. पट्टा पायाने किंवा काठीने कडेला सारला जातो. तासाभरात एखाद्या कंटेनरच्या वाऱ्याने तो परत लेनमध्ये येतो.

आधी उचलण्याबद्दल, कारण जीव तिथे जातो.

दुचाकीस्वार ताशी ६० च्या वेगाने सेकंदाला जवळपास १७ मीटर कापतो. काळ्या डांबरावरची काळी वस्तू खाली टाकलेल्या हेडलाइटमध्ये ३० मीटरच्या आत आल्याशिवाय नीट कळत नाही. ती डोक्यात शिरून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे २५ मीटर संपले. गाडी थांबायला आणखी २०-२५ मीटर लागतात. म्हणजे सगळं बरोबर करणारा माणूससुद्धा पट्ट्यावर चढतोच. पट्टा लांबीने पडलेला असेल तर पुढचं चाक त्याच्यावर घसरतं, आडवा असेल तर उसळतं. चारचाकीखाली गेला तर बंपर, इंजिनाचं चेंबर आणि ब्रेकचे पाइप फाडतो आणि मागून फेकला जाऊन मागच्याच्या काचेवर बसतो.

आता वेळ बघा. शहरात दिवसा अवजड वाहनांना बंदीच्या वेळा असतात. त्यामुळे मुख्य रहदारी रात्री सुटते आणि टायरही रात्रीच फुटतात. पहाटे ट्रकची रांग ओसरते आणि त्याच रस्त्यावर दूधवाले, पेपरवाले, तळोजा, महापे आणि रबाळे एमआयडीसीच्या पहिल्या पाळीचे कामगार उतरतात. झाडूवाले येतात ते त्यानंतर, उजाडल्यावर. म्हणून आमची पहिली सूचना अगदी साधी आहे : टायरच्या तुकड्यांसाठीची फेरी पहाटे चार ते साडेपाच या वेळात ठेवा. तीच माणसं, तीच गाडी, फक्त वेळ बदला. नव्या खरेदीआधी हे एवढं झालं तरी फरक दिसेल.

यांत्रिक झाडूच्या भरवशावर राहू नका. ते यंत्र धूळ आणि खडी ओढतं. तीन मीटरचा पट्टा त्याच्या तोंडात मावत नाही, ब्रशला गुंडाळला जातो आणि मग यंत्रच लेनमध्ये उभं राहतं. पट्टा हातानेच उचलावा लागतो. त्यासाठी उचलणाऱ्याचा जीव सांभाळणारी पद्धत हवी.

भरधाव लेनमध्ये एकट्या माणसाने धावत जाऊन पट्टा ओढून आणायचा, हे ताबडतोब बंद व्हायला हवं. गस्तीची गाडी पिवळा दिवा आणि बाणाची पाटी लावून तुकड्याच्या मागे, म्हणजे वाहनं येतात त्या बाजूला उभी राहायला हवी. तिच्याही मागे तिरक्या रांगेत शंकू लावावेत. रस्त्यावरच्या कामांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी एसपी ५५ ही मार्गदर्शिका आहेच, ती इथेही लावा. उड्डाणपुलावर आणि खाडीपुलावर कडेला थांबायला जागा नसते. तिथे पोलिसांच्या दोन गाड्यांनी शेजारी शेजारी चालत मागची रहदारी हळू करावी. त्या मोकळ्या झालेल्या मिनिट-दीड मिनिटात एकाने उचलावं आणि दुसऱ्याने फक्त रहदारीकडे बघावं. हातात जाड चामड्याचे मोजे हवेत आणि दीड मीटरची आकडा लावलेली सळई हवी. आकड्याने पट्टा ओढला की वाकावं लागत नाही. पट्टा उचलल्यावर त्या जागी चाकं लावलेली चुंबकाची पट्टी एकदा फिरवा, कारण सुटलेल्या तारांचे बोटभर तुकडे तिथेच राहतात आणि दिवसभर दुचाक्या पंक्चर करतात.

एक तुकडा मिळाला म्हणून तिथेच थांबू नका. ट्रेलरची साल एका झटक्यात क्वचितच निघते. आधी कडेचा हातभर भाग सुटतो, तो मडगार्डवर फटफट आपटत राहतो, मग पुढचा, आणि शेवटी सगळा पट्टा. त्यामुळे मोठ्या पट्ट्याच्या मागे, ट्रक आला त्या बाजूला, निदान अर्धा किलोमीटर आणि पुढेही तितकंच बघायला हवं. पुढे कारण सालीशिवाय धावणारा सांगाडाही, म्हणजे टायरचं उरलेलं अंग, थोड्या वेळात फाटतो.

उचललेला पट्टा दुभाजकातल्या झाडांत, गटारात किंवा पुलाच्या कठड्यावरून खाली टाकू नका. पुलावरच्या पाणी जाण्याच्या भोकाला हाताएवढा तुकडा पुरतो. जूनमध्ये तिथे पाणी तुंबतं, तुंबलेल्या पाण्याखाली डांबर सुटतं, खड्डा पडतो, आणि त्या खड्ड्याच्या कडेवर पुढच्या ट्रकचा टायर आतून तुटतो. दुभाजकात पडलेल्या वाकड्या तुकड्यात वाटीभर पाणी साचलं तरी डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं.

आता वाचण्याबद्दल. याकडे इथे आजवर कुणी लक्ष दिलेलं नाही आणि आम्हाला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच.

पट्ट्याची आतली बाजू वर करून ठेवा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. पृष्ठभाग एकसारखा, बारीक खरखरीत, घासकामाच्या रेषा तशाच दिसणारा आणि एकही धागा न चिकटलेला असेल, तर जुन्या सांगाड्यावर चढवलेला नवा थर पकडलाच नव्हता. हा रिट्रेडचा दोष आहे. रबर काळंनिळं पडलेलं, बोटाला चिकटणारं, जळका वास येणारं असेल आणि नायलॉनच्या धाग्यांची टोकं वितळून मण्यांसारखी कडक झालेली असतील, तर टायर तापून गेला. हवा कमी, भार जास्त किंवा ब्रेक अडकलेला, या तिन्हींपैकी काहीतरी आहे. आणि पोलादी तारांवर तांबडा गंज दिसला, तर गोष्ट जुनी आहे. कित्येक आठवड्यांपूर्वी खिळा, दगड किंवा खड्ड्याच्या कडेने टायर कापला, त्या भेगेतून पाणी तारांपर्यंत गेलं, गंजाने रबराची पकड सोडवली आणि पट्टा आज पडला. ताजी तुटलेली तार पितळी चमकते, कारण तिच्यावर पितळेचा मुलामा असतो. गंज आणि चमक यांतला फरक कुणालाही पाच मिनिटांत शिकवता येतो.

पट्ट्यावर टायरचा नंबर नसतो. तो बाजूच्या भिंतीवर असतो आणि भिंत ट्रकबरोबर पुढे गेलेली असते. म्हणून पट्ट्यावरून मालक सापडणार नाही. मालक शोधून दंड करण्यासाठी आम्ही हे सांगतही नाही. पण गायमुखच्या चढाउतारावर तापलेले पट्टे जास्त आणि बंदराच्या रस्त्यावर गंजलेले जास्त, असं तीन महिन्यांच्या नोंदीत निघालं, तर घाटात ब्रेक तपासायचे की बंदराच्या रस्त्यावरचे खड्डे आधी बुजवायचे, हे तुम्हाला अंदाजाने ठरवावं लागणार नाही. नोंदीला वही पुरते : तारीख, वेळ, रस्ता, कोणती बाजू, दुभाजकापासून कितवी लेन, खांब क्रमांक, तुकड्याची लांबी, नायलॉन की रेडियल, आणि वरच्या तीनपैकी कोणता प्रकार. मोबाइलवर आतल्या बाजूचा एक फोटो.

रस्त्यात पट्टा दिसला की सगळे म्हणतात, रिमोल्ड (म्हणजे रिट्रेड केलेला) टायर होता. हे अर्धसत्य आहे आणि त्यामुळे खरी कारणं सुटतात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यासाठी मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने पाच ठिकाणांहून असे तुकडे गोळा करून तपासले आणि २००८ मध्ये अहवाल दिला. रस्त्यावर धावणाऱ्या टायरमध्ये रिट्रेड आणि मूळ टायर यांचं जे प्रमाण होतं, साधारण तेच तुकड्यांमध्येही निघालं. तिथले रस्ते आणि इथले रस्ते यांत फरक आहे, पण दोष बहुतेक वेळा टायर वापरण्यात असतो हे आमच्या हातांनाही रोज दिसतं.

तरी आमच्या धंद्यातल्या चुका आम्ही झाकणार नाही. कोकणच्या पावसाळ्यात सांगाडा दमट असतो. तो पुरेसा न वाळवता थर चढवला की भट्टीत आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि थराखाली फुगे राहतात. थर चिकटवायचं रबराचं सिमेंट लावल्यावर ते सुकायची वाट न बघणं ही दुसरी चूक. कोल्ड रिट्रेडमध्ये, म्हणजे आधीच तयार नक्षीचा थर चढवताना, टायर १०० अंशांच्या आसपास कित्येक तास दाबाखाली ठेवावा लागतो. मध्येच वीज गेली किंवा वरची रबरी पिशवी फुटली आणि तरी वेळ भरली म्हणून टायर बाहेर काढला, तर तो दिसायला उत्तम असतो आणि उन्हाळ्यात साल सोडतो. खिळ्याचं भोक आतून पॅच न लावता नुसतं बाहेरून दोरी खोचून बुजवलं, तर दाबाची हवा त्या वाटेने थरांमध्ये शिरत राहते. ज्या रिट्रेडच्या दुकानात सांगाडा फाकवून आतून बघण्याऐवजी नुसती थाप मारून घेतला जातो, तिथे हे सगळं घडतं. परिवहन कार्यालयांनी अशा दुकानांना पत्रं पाठवण्यापेक्षा तिथे जाऊन भट्टीचा तापमान आणि वेळेचा तक्ता मागावा. तक्ता नसेल तर बाकी काही विचारायची गरजच उरत नाही.

हवेचं बघू. १८ चाकी ट्रेलरला पुढे दोन टायर आणि मागे आठ जोड्या असतात. प्रत्येक जोडीत एक आतला टायर. त्याचा वॉल्व्ह दोन डिस्कच्या फटीत असतो आणि तिथे गेज पोहोचवायला एक्स्टेन्शन लागतं. ते तुटलेलं असलं की आठ टायर महिनोन् महिने कुणी मोजत नाही. हातोडा मारून आवाज ऐकण्याने टायर सपाट आहे एवढंच कळतं. ११० पाउंडच्या जागी ८५ असतील तर आवाजात फरक जाणवत नाही, आणि ठरलेल्या दाबाच्या वीस टक्के खाली चाललेला टायर आमच्या धंद्यात बसलेलाच धरतात. अशा टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि तापते. आतलं तापमान १२० अंशांच्या वर जाऊ लागलं की थरांमधली पकड ढिली पडते. जोडीतला एक बसला की दुसऱ्यावर दोघांचा भार येतो. चालकाला केबिनमध्ये काहीच जाणवत नाही, कारण दुसऱ्याने गाडी उचलून धरलेली असते. म्हणूनच एकाची साल मुंब्र्याला पडते आणि दुसरा कळंबोलीपर्यंत पोहोचत नाही. जोडीतल्या दोन टायरच्या व्यासात अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असला तरी हेच होतं : मोठा भार ओढतो, लहान घासत जातो.

आणि भार. जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या एका ॲक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. म्हणजे एका टायरवर २,५५० किलोंच्या जागी २,८७५ किलो. आता टायरच्या भिंतीवर बघा. १४६/१४३ असा भाराचा आकडा असेल तर दुसरा आकडा जोडीसाठी असतो आणि १४३ म्हणजे २,७२५ किलो. वजनकाट्यावर गाडी कायद्यात बसते आणि टायर मात्र दीडशे किलोंनी जास्त दाबलेला असतो. १४९/१४६ चा टायर असेल तर ३,००० किलोपर्यंत चालतं. तपासणीच्या कागदावर हा आकडा लिहायला रकाना असला पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम ९४ प्रमाणे नक्षीची खोली १.६ मिलिमीटर हवी, ती बघितली जाते आणि बघावीच. पण नक्षी शाबूत असलेला टायरही साल सोडतो.

मग तपासायचं कुठे? वाशी आणि ऐरोली नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना पथकर माफ आहे, अवजड वाहनं मात्र तिथे वेग कमी करतातच. बंदराच्या फाटकांबाहेर आणि कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर तर ती तासन् तास उभी असतात. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागल्यावर परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासले. त्या महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत खुला झाला. शेकडो किलोमीटर सलग वेगाने धावून तापलेले टायर आता थेट ठाणे जिल्ह्यात उतरतात. आमणेला उतरतानाही तपासणी हवी.

तिथे लांबून तापमान दाखवणारी हातातली बंदूक पुरेल. गाडीच्या बाजूने चालत प्रत्येक टायरच्या भिंतीवर आणि ब्रेक ड्रमवर ती रोखायची. एखादा टायर शेजाऱ्यांपेक्षा १५-२० अंशांनी गरम निघाला तर गाडी बाजूला घ्यायची. ड्रमही गरम असेल तर ब्रेक अडकलाय, नुसता टायर गरम असेल तर हवा किंवा भार. तापलेल्या टायरमधली वाढलेली हवा सोडून बरोबर करायची नाही. दाब थंड टायरवरच मोजायचा. आणि बसलेल्या अवस्थेत चाललेला रेडियल टायर तिथल्या तिथे हवा भरून पुढे पाठवायचा तर अजिबात नाही. त्याच्या भिंतीतल्या तारा वाकून वाकून तुटलेल्या असतात. हवा भरताना भिंत चेन उघडल्यासारखी फाटते आणि समोर बसलेल्या पंक्चरवाल्याचा जीव जातो. टायर उतरवून आतून बघायचा, पोलादी पिंजऱ्यात ठेवून, नळीच्या टोकाशी लांब उभं राहून भरायचा. महामार्गालगत पंक्चरच्या दुकानांना जागा देताना पिंजऱ्याची अट घाला.

दोष बहुतेक मालकाच्या हिशेबात आणि रस्त्याच्या खड्ड्यात असतो. चालकाकडे गेज दिलेलं नसतं, म्हणून दंड त्याच्या पगारातून कापला जाईल अशी कारवाई नको.

तक्रार कुठे करायची, हा वेगळाच गुंता आहे. १०३३ हा राष्ट्रीय महामार्गांचा क्रमांक. सायन-पनवेल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ठाणे-बेलापूर महापालिकेकडे, ऐरोली पूल रस्ते विकास महामंडळाकडे. पट्ट्याला हद्द कळत नाही आणि फोन करणाऱ्यालाही कळत नाही. कोणत्याही क्रमांकावर आलेला निरोप, अगदी ११२ वर आलेलासुद्धा, ज्याचा रस्ता त्याच्याकडे त्याच फोनवर जोडला गेला पाहिजे, "दुसरीकडे करा" हे उत्तर नको. पट्टा उचलल्याची वेळ त्याच नोंदीत लिहिली जावी. रात्री एका तासाची मर्यादा आम्हाला शक्य वाटते. देखभालीच्या पुढच्या निविदेत ती आकड्यातच घाला. "रस्ता स्वच्छ ठेवणे" एवढ्या मोघम ओळीवर कुणाचं बिल अडत नाही.

गोळा झालेले तुकडे कचराभूमीवर जाऊ नयेत आणि जाळले तर मुळीच जाऊ नयेत. टाकाऊ टायरसाठी २०२२ पासून उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी (वापरून झालेल्या टायरच्या पुनर्चक्रणाची) आहे आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखाने आहेत. त्यांना माल हवा असतो. तुकड्यांचा चुरा डांबरात मिसळून रस्त्यासाठी वापरता येतो. कळंबोली, तुर्भे आणि भिवंडी इथे छप्पर असलेला एकेक कोपरा द्या. वरून झाकलेला, कारण पाणी साचलं की डास आणि भिजलेला पट्टा उचलायला दुप्पट जड. आठवड्याचे तुकडे तिथे जमतील, वाचून होतील आणि मग गाडी भरून जातील.

तुकडे ओळखायला तुमच्या गस्तीच्या माणसांना शिकवायला दोन तास लागतात. पैसे नकोत. तिन्ही प्रकारचे मिळून पंधरा-वीस नमुने, पितळी आणि गंजलेल्या तारा, वितळलेले धागे, एक आडवा कापलेला टायर आणि तुटलेलं एक्स्टेन्शन आम्ही घेऊन येऊ. रविवार सकाळ आम्हाला सोयीची आहे. जागा तुम्ही सांगा, फक्त जमीन सिमेंटची असू द्या, पट्टा उलटा करून पसरता येतो.

आपले,
कळंबोली, तुर्भे व भिवंडी परिसरातील टायर फिटर, रिट्रेडिंग कारागीर आणि ताफ्यांचे टायर सुपरवायझर